एक रेघ आणि हजारो टिंबे

काही वर्षांपूर्वी ५ सप्टेंबरला सकाळी शाळेत शिरलो, तर दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने ठळक अक्षरांत लिहिलेले होते : 'शिक्षक दीनाच्या हार्दिक शुभेच्छा!' शिक्षक-कक्षात हशा पिकला. दिन म्हणजे दिवस आणि दीन म्हणजे गरीब, बापुडा. "आपली खरी अवस्था मुलांना कळली म्हणायची," असे एक सहकारी म्हणालेदेखील. फळा लिहिणाऱ्या नववीतल्या मुलीला बोलावून चूक दाखवली. तिने ती लगेच दुरुस्त केली, पण जाता जाता विचारले, "सर, पण मला काय म्हणायचे होते ते तुम्हाला कळले ना?"

प्रश्न रास्त होता. सर्वांना कळले होते, म्हणून तर हसू आले. मग अर्थ पोचत असताना वेलांटी पहिली की दुसरी, याचा आग्रह कशासाठी? भाषेचा अभिमान, संस्कार, वळण अशी उत्तरे आपण देतो. पण त्यांनी विचारी मुलाचे समाधान होत नाही. विज्ञानाच्या तासाला असा प्रश्न आला, तर ती गोष्ट मुळात चालते कशी हे आपण आधी पाहतो. येथेही तसेच करू. चूक असूनही अर्थ कळतो कसा, आणि कोठे तो कळेनासा होतो?

चुकीचे असूनही कळते कसे?

या प्रश्नाचे एक उत्तर भाषेच्या अभ्यासकाने नव्हे, तर एका गणितज्ञाने दिले. क्लॉड शॅनन हा अमेरिकेतील बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. तारेतून जाणाऱ्या संदेशात खरखर मिसळते, काही भाग गळतो. तरीही पलीकडच्या माणसाला संदेश नीट मिळावा यासाठी काय करावे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. १९४८ साली त्याने संदेशवहनाचा गणिती सिद्धान्त मांडला. त्यात एक महत्त्वाची कल्पना आहे 'अतिरिक्तते'ची. संदेश कळण्यासाठी जेवढी चिन्हे अगदी आवश्यक असतात, त्यापेक्षा भाषेत पुष्कळ जास्त असतात. इंग्रजी मजकुरात सुमारे निम्मा भाग असा अतिरिक्त असतो, असा शॅननचा त्या वेळचा अंदाज होता.

मराठीत ही अतिरिक्तता पाहायला प्रयोगशाळा नको. 'माझी धाकटी बहीण काल आली' हे वाक्य घ्या. येणारी व्यक्ती स्त्री आहे ही एकच माहिती येथे माझी, धाकटी, बहीण आणि आली अशा चार शब्दांत सांगितली आहे. पावसाचा थेंब पडून 'बहीण' हा शब्द पुसला गेला, तरी कोणी मुलगी किंवा स्त्री आली एवढे कळतेच. आणि कोणी 'माझा धाकटी बहीण काल आली' असे लिहिले, तर तीन साक्षीदार एका बाजूला व एक दुसऱ्या बाजूला, असा निवाडा आपले मन क्षणात करते. लिंग-वचनाचा जो मेळ व्याकरणाच्या तासाला कंटाळवाणा वाटतो, तो प्रत्यक्षात संदेश सुखरूप पोचावा यासाठी भाषेने केलेला बंदोबस्त आहे.

'शिक्षक दीन' कळले ते याच कारणाने. आधीचा 'शिक्षक' हा शब्द, पुढच्या 'शुभेच्छा' आणि त्या दिवसाची तारीख, या सर्वांनी त्या एका वेलांटीची चूक सांभाळून घेतली. अतिरिक्तता ही भाषेची गंगाजळी आहे. प्रत्येक चूक तिच्यातून थोडे काढून घेते. एखाद-दुसऱ्या चुकीने ती आटत नाही. पण एकाच वाक्यात चार-पाच चुका झाल्या, विरामचिन्हे गेली, शब्द तुटले, की वाक्य दोनदा वाचावे लागते.

कळते, पण किती वेळात?

२००३ साली एक इंग्रजी मजकूर संगणकांवरून जगभर फिरला. शब्दातील पहिले आणि शेवटचे अक्षर जागेवर असले, की मधल्या अक्षरांची कशीही उलटापालट चालते, असे केंब्रिज विद्यापीठात सिद्ध झाले आहे, असा त्यात दावा होता. तो मजकूरही तसाच उलटापालट करून लिहिलेला होता. तो वाचता येत होता, म्हणून लोकांना दावा पटला. 'स्पेलिंगला अर्थ नाही' असा निष्कर्षही अनेकांनी काढला. वास्तविक केंब्रिजमध्ये असे काही सिद्ध झालेले नव्हते.

पुढे २००६ साली कीथ रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचे मोजमाप प्रसिद्ध केले. वाचताना आपली नजर ओळीवरून सरळ घसरत जात नाही. ती उड्या मारीत जाते आणि प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद टेकते. हे थांबे यंत्राने मोजता येतात. शब्दाच्या मधल्या अक्षरांची अदलाबदल केली, तेव्हा वाचनाचा वेग सुमारे ११ टक्क्यांनी घटला. शेवटची अक्षरे बदलली, तेव्हा २६ टक्क्यांनी. आणि सुरुवातीची बदलली, तेव्हा ३६ टक्क्यांनी. वाचता आले, पण फुकट नाही.

हा प्रयोग इंग्रजीवरचा आहे. देवनागरीची घडण वेगळी आहे. आपल्याकडे पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी काढतात आणि तिचा उच्चार मात्र नंतर होतो. तेव्हा हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नयेत. पण त्यातले तत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे : लिहिणाऱ्याने जे कष्ट वाचवले, ते वाचणाऱ्याला करावे लागतात. दोघा मित्रांच्या चिठ्ठीत हा व्यवहार चालून जातो. पण शाळेची सूचना एकजण लिहितो आणि पाचशे पालक वाचतात. एकाचे वाचलेले दोन क्षण पाचशे जणांच्या माथी पडतात.

शिल्लक नसते तेथे

आता उलट बाजू पाहू. टेलिफोनच्या क्रमांकातला एक अंक चुकला, तर शेजारच्या अंकांवरून तो ओळखता येत नाही. तेथे अतिरिक्तता जवळजवळ नसते. प्रत्येक चिन्ह एकटेच आपले काम करते. रसायनशास्त्रात कॅपिटल सी आणि स्मॉल ओ म्हणजे कोबाल्ट हा धातू. दोन्ही अक्षरे कॅपिटल काढली, की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू. एककाच्या आधी स्मॉल एम लिहिला तर मिली, कॅपिटल लिहिला तर मेगा. दोहोंत शंभर कोटी पटींचा फरक आहे.

माणसांची नावेही याच वर्गातली. शाळेच्या दाखल्यावर 'सुनिता' आणि गुणपत्रिकेवर 'सुनीता' असे लिहिलेले असले, तर माणूस ती एकच मुलगी आहे असे समजतो. संगणक अक्षरे पाहत नाही, त्यांचे क्रमांक जुळवतो. युनिकोड या संकेतप्रणालीत पहिल्या वेलांटीचा क्रमांक २३६७ आणि दुसरीचा २३६८. क्रमांक वेगळे म्हणजे त्याच्या लेखी नावे वेगळी. त्याला अंदाज बांधायला शिकवता येते. पण जेथे तंतोतंत जुळणीच मागितलेली असते, तेथे ती मुलगी दाखला दुरुस्त करून घेण्यासाठी हेलपाटे घालते. पटावर नाव लिहिताना आपल्या हातून झालेली चूक असते ती. किंमत तिला मोजावी लागते.

एका खुणेची किंमत किती मोठी असू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे मरिनर-१ हे यान. शुक्राच्या जवळून जाण्यासाठी ते २२ जुलै १९६२ रोजी अमेरिकेतून सोडण्यात आले. थोड्याच वेळात अग्निबाण मार्ग सोडून भरकटू लागला आणि उड्डाणानंतर पाच मिनिटे पूर्ण होण्याआधीच तो यानासह नष्ट करावा लागला. चौकशीत दोन गोष्टी पुढे आल्या. मार्गदर्शनासाठी लागणाऱ्या उपकरणात बिघाड झाला होता, हे एक. आणि संगणकाला दिलेल्या सूचनांत एक लहानशी खूण गळली होती, हे दुसरे. काही वृत्तान्तांत तिला संयोगचिन्ह म्हटले आहे, तर काहींत अक्षराच्या डोक्यावरची आडवी रेघ. कागदावर ती अर्ध्या सेंटिमीटरचीही नसेल.

त्याच वर्षी महाराष्ट्रात

गंमत अशी, की त्याच १९६२ साली आपल्याकडे लिखाणातली हजारो टिंबे मुद्दाम काढून टाकण्यात आली आणि कोणाचेही काही बिघडले नाही. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले लेखनाचे चौदा नियम महाराष्ट्र शासनाने त्या वर्षी मान्य केले. (१९७२ साली आणखी चार नियमांची भर पडून ते अठरा झाले.) त्यापूर्वी नांव, पांच, दांत, कांहीं, केलें असे लिहीत. ही टिंबे उच्चारात राहिलेली नव्हती. शब्दाच्या जुन्या रूपाची किंवा व्युत्पत्तीची आठवण म्हणून ती टिकली होती. नियमांनी ती रजा देऊन घरी पाठवली.

पण सगळीच नाही. 'मुलाचे वडील' आणि 'मुलांचे वडील' यांत एका टिंबाने एकवचनाचे अनेकवचन होते. हे टिंब नियमांनी ठेवले. एवढेच नव्हे, तर पूर्वी 'घरांत' हा शब्द एका घराविषयी आणि अनेक घरांविषयी सारखाच लिहीत असत. आता 'घरात' आणि 'घरांत' असा भेद डोळ्यांना दिसू लागला. ज्या टिंबाला काम होते ते राहिले, ज्याला नव्हते ते गेले. लेखनाचे नियम आकाशातून पडलेले नसतात आणि ते बदलल्याने भाषा बुडतही नाही, हे यावरून मुलांना दाखवता येईल. आजोबांच्या पुस्तकात 'कवि' असा ऱ्हस्व दिसतो तो अज्ञानामुळे नव्हे. तेव्हा तेच बरोबर होते.

कानाने लिहिणारी मुले

मुले चुकतात ती बहुधा कानाने लिहितात म्हणून. 'फूल' आणि 'गुण' यांतला उकार मराठी माणूस सारखाच उच्चारतो. तरी 'फूल' दीर्घ आणि 'गुण' ऱ्हस्व, कारण 'गुण' हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला आहे. ज्याने 'गूण' लिहिले त्याचा कान चुकलेला नाही; त्याला शब्दाचे कूळ ठाऊक नाही, एवढेच. महाराष्ट्रातल्या अनेक बोलींत 'ण'च्या जागी 'न' येतो. ज्या घरात 'पानी' म्हणतात, त्या घरातल्या मुलाला 'पाणी' हा शब्द जवळजवळ नव्याने शिकावा लागतो. त्याच्या वहीवर लाल शाईने 'अशुद्ध' असा शेरा मारला, की तो शेरा त्याच्या आईच्या बोलण्यावरही बसतो. मग तो लिहायचेच टाळू लागतो. हे नुकसान वेलांटीच्या चुकीपेक्षा फार मोठे आहे.

म्हणून 'शुद्धलेखन' यापेक्षा 'प्रमाणलेखन' हा शब्द मला बरा वाटतो. १९५६ साली वजनमापांचा कायदा होऊन आपल्याकडे किलोग्रॅम आला. त्यापूर्वी शेराचे वजन ठिकठिकाणी वेगवेगळे असे. गावचा शेर काही अपवित्र नव्हता. पण नाशिकचा कांदा मुंबईत विकायचा, तर दोघांना मान्य असे एकच माप हवे. घरची बोली घरी असावी, वर्गात बोलावी, गोष्टीतल्या संवादात लिहावीही. दूरच्या, अनोळखी वाचकासाठी लिहिताना मात्र सामायिक माप वापरावे.

वही तपासताना

एवढे मान्य केले, तर सर्व चुका एकाच तागडीत तोलण्याचे कारण उरत नाही. मी स्वतः त्यांचे तीन गट करतो.

पहिला गट अर्थ बदलणाऱ्या चुकांचा. शेतातले 'तण' काढायचे असते, 'तन' नव्हे. 'काल' आणि 'काळ' हे वेगळे. 'शिक्षकाच्या अडचणी' एकाच्या आणि 'शिक्षकांच्या अडचणी' सर्वांच्या. नावे, अंक, सूत्रे आणि एकके हीही यातच. येथे सवलत देऊ नये. विज्ञानाच्या वहीत तर मुळीच नाही.

दुसरा गट वाचकाला अडखळवणाऱ्या चुकांचा. 'झाडाखाली' ऐवजी 'झाडा खाली' असे तोडणे, पूर्णविरामाशिवाय पानभर लिहिणे, कर्त्याशी क्रियापदाचा मेळ नसणे. यांवर मुलाला आपलाच मजकूर मोठ्याने वाचायला लावणे हा चांगला उपाय आहे. तो जेथे अडखळतो, तेथे वाचकही अडखळणार असतो.

तिसरा गट केवळ संकेताच्या चुकांचा. 'गूण', 'वीष' असे लिहिल्याने दुसरा अर्थ होत नाही. त्या दाखवाव्यात, पण विज्ञानाच्या उत्तराचे गुण त्यापायी कापू नयेत. वाचन वाढले, की त्या पुष्कळशा आपोआप कमी होतात.

वर्गात करून पाहा

पाठ्यपुस्तकातला साधारण शंभर शब्दांचा एक उतारा घ्या. त्याची एक प्रत जशीच्या तशी ठेवा; दुसऱ्या प्रतीत सगळ्या वेलांट्या व उकार उलटसुलट करा आणि विरामचिन्हे काढून टाका. वर्गाचे दोन गट करून एकेका मुलाला एकेक प्रत मोठ्याने वाचायला द्या व घड्याळ लावा. दोन्ही गटांची सरासरी काढा. मग फळ्यावर एक वाक्य आणि दहा अंकी क्रमांक लिहा. वाक्यातला एक शब्द आणि क्रमांकातला एक अंक पुसा. कोणता ओळखता आला, हे मुलांनाच विचारा.

फळा लिहिणाऱ्या त्या मुलीला मी त्या दिवशी धड उत्तर देऊ शकलो नव्हतो. आज तिला सांगेन : होय, आम्हाला कळले, कारण तारीख ठाऊक होती आणि तू समोर होतीस. पण लिहिलेले पुष्कळदा अशा ठिकाणी जाते, जेथे आपण बरोबर नसतो आणि वाचणाऱ्याला आपली तारीख ठाऊक नसते. तेथे तुझ्या बाजूने बोलायला फक्त तुझी अक्षरे असतात.