बाटली मसाल्याची, ग्लास बिअरचा

अंधेरी पूर्वेला मरोळ गावठाणात एप्रिल-मे महिन्यांत अंगणात मिरच्या वाळत पडतात. मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत वर्षाचा मसाला पावसाळ्याआधीच करून ठेवतात. वीसहून अधिक जिन्नस वेगवेगळे भाजायचे, कुटायचे, चाळायचे आणि मग तो मसाला गडद तपकिरी बाटलीत लाकडी काठीने ठासून भरायचा. आत पोकळी राहिली तर मसाला लवकर उतरतो, म्हणून ओळखीच्या एका आंटी दर चमच्यामागे काठी दाबतात आणि बाटली जमिनीवर हलकेच आपटतात. ही बाटली बिअरची असते. मसाल्याचं नावच त्यावरून ‘बॉटल मसाला’ पडलं.

तपकिरी काचेतून उजेड फारसा आत जात नाही, त्यामुळे मसाल्याचा रंग टिकतो. बिअर त्या बाटलीत भरण्याचं कारणही तेच आहे. उन्हाने बिअरमधले हॉप्स बिघडतात आणि तिला उग्र वास येतो. बिअरची बाटली आपल्या उपनगरातल्या स्वयंपाकघरात अशी जुनीच आहे. बिअर मात्र अजून चखण्यापुढे गेलेली नाही. शेंगदाणे, चकली, मसाला पापड, उकडलेली अंडी असलं काही चघळायचं आणि जेवण त्यानंतर, असाच आपला रिवाज. मला ती जेवणाच्या ताटाशेजारी बघायची आहे, आणि त्यासाठी एकच गोष्ट सांभाळावी लागते: आधी ताटातलं तिखट बघायचं, मग बिअर ठरवायची.

क्राफ्ट बिअर म्हणजे नेमकं काय

बिअर चार गोष्टींची बनते: पाणी, मोड आणून भाजलेलं जव म्हणजे माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट सुवासिक फुलं आणि यीस्ट. मोठे कारखाने वर्षानुवर्षं एकाच चवीची लागर काढतात. लहान भट्टीवाला जव कमी-जास्त भाजतो, त्यात गहू मिसळतो, हॉप्स बदलतो, वेगळं यीस्ट घालतो. चवीतला सगळा फरक इथून येतो.

महाराष्ट्रात क्राफ्ट बिअरची चळवळ पुण्यातून सुरू झाली. २००९ साली तिथे ‘डूलॅली’ ही भट्टी उभी राहिली. या इंग्रजी शब्दाचं मूळ आपल्या नाशिकजवळच्या देवळालीत आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत गोरे सैनिक देवळालीच्या छावणीत महिनोन्महिने अडकून पडत, त्यांचं डोकं फिरे, आणि त्याला ते ‘डूलॅली टॅप’ म्हणत. त्यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. मुंबईत २०१३ मध्ये लोअर परळच्या ‘द बार्किंग डिअर’ने जागेवरच बिअर गाळायला सुरुवात केली. पुढे ‘गेटवे ब्रूइंग’ची भट्टी डोंबिवलीत आली आणि डूलॅलीची टॅपरूम अंधेरी पश्चिमेला. आता अंधेरीच्या लिंक रोडच्या आसपास ताजी बिअर मिळणं नवलाचं राहिलेलं नाही.

तिखटाला कडू चालत नाही

जिभेवरची मिरचीची आग हा चवीचा नव्हे, वेदनेचा प्रकार आहे. मिरचीतलं कॅप्सायसिन उष्णता ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. मद्यार्कही त्याच नसांना डिवचतो, आणि हॉप्सचा कडूपणा त्या आगीला धार आणतो. म्हणून झणझणीत मिसळीबरोबर ६-७ टक्के मद्यार्काची कडक आयपीए घेतली, तर तिसऱ्या घासाला ना मिसळीची चव लागते, ना बिअरची.

आयपीए म्हणजे इंडिया पेल एल. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातला हॉजसन आपली बिअर हिंदुस्थानच्या जहाजांवर चढवत असे. आफ्रिकेला वळसा घालून ती इथे पोचायला महिने लागत. जास्तीच्या हॉप्समुळे ती एवढ्या प्रवासात टिके. नावात इंडिया असलेली ही बिअर इथल्या तिखटाशी मात्र नीट बसत नाही. तिला भाजलेला खारा काजू द्यावा, तूप लावलेली भाकरी द्यावी, फार तर फिकं पनीर द्यावं.

तिखट जेवणाला माल्टचा गोडवा हवा आणि कडूपणा कमी हवा. माझी पहिली पसंती गव्हाच्या बिअरला. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये यीस्टच दोन वास तयार करतं, एक पिकल्या केळ्याचा आणि एक लवंगेचा. त्यात वरून ना केळं घातलेलं असतं ना लवंग. आता बॉटल मसाल्यातलं, कोल्हापुरी सुक्या मटणातलं किंवा मालवणी कोंबडीतलं लवंग-दालचिनीचं अंग आठवा. ग्लासातला वास ताटातल्या वासाला हाक देतो, आणि गव्हाचा मऊपणा मिरचीवर पांघरूण घालतो. कोंबडी-वड्यांबरोबर गव्हाची बिअर एकदा घेऊन बघावी. वडा तेलकट, रस्सा तिखट, बिअर मऊ, आणि तिघांचं छान जमतं.

तळणीला फेस हवा

तळलेल्या पदार्थाला गोडव्यापेक्षा फेसाची गरज जास्त. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड आणि हलकी आंबट धार जिभेवरचा तेलाचा थर उचलून नेतात आणि पुढचा घास पहिल्यासारखाच लागतो. यासाठी पिल्सनर किंवा साधी ताजी लागर उत्तम.

वेसाव्याच्या कोळीवाड्यात वलांडींवर बोंबील सुकताना ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ओल्या बोंबलात किती पाणी असतं ते ठाऊक असेल. म्हणूनच तो उभा चिरून, काटा काढून, पाट्याखाली दाबून ठेवायचा. रव्यात घोळवून तळलेल्या अशा बोंबलाबरोबर थंड पिल्सनर घ्यावी. मला याहून सरस जोडी माहीत नाही.

मासे न खाणाऱ्यांचंही इथे काही अडत नाही. मुलुंड-घाटकोपरकडच्या शाकाहारी घरांतही कोथिंबीर वडी, कांदाभजी, बटाटेवडा होतोच. त्यातल्या कोथिंबीर वडीवर तीळ असतात, आणि तिळाचा खमंगपणा व भाजलेल्या माल्टचा वास एकमेकांच्या फार जवळचे आहेत. तिला किंचित तांबूस रंगाची अंबर एल आणखी शोभते.

आंबट, खारं आणि गोड

पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने आमसूल आणि मीठ घालून एल केली, तेव्हा अनेकांना तो नवा प्रयोग वाटला. कोकणी जिभेला त्यात नवं काहीच नाही. अशी आंबट-खारी बिअर बांगड्याबरोबर घ्यावी, कारण तेलकट मासळीला आंबट लागतंच. ताटात सोलकढी असेल तर मात्र बिअर बाजूला ठेवावी. दोघी एकाच कामासाठी येतात आणि सोलकढी ते काम अधिक चांगलं करते.

गोडाला काळी बिअर, म्हणजे स्टाउट. जव कॉफीसारखं काळं भाजल्यावर त्यात कोको-कॉफीचा कडवट सुगंध येतो. गोव्याच्या बेबिंकाचे थर, त्यातलं नारळाचं दूध आणि करपवलेली साखर यांच्याशी तो असा जुळतो, की दोन घासांनंतर गप्पा थांबतात. पण स्टाउट बर्फगार नको. लागर ५ अंशांच्या आसपास चांगली लागते, गव्हाची बिअर ८ अंशांना आणि स्टाउट १२ अंशांना. फ्रिजमधून काढून वीस मिनिटं ठेवली की ती बोलू लागते.

किती आणि कुणी

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि दारूबंदी कायद्यानुसार परवाना लागतो. घरी बिअर गाळणं बेकायदा आहे. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये साधारण १३ ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणून चार प्रकार चाखायचे असतील तर लहान ग्लास मागावेत आणि घरी रिक्षाने किंवा लोकलने जावं. न पिणाऱ्यांनाही जोडीचा तोच हिशेब लागू पडतो: तळणीला फेसाळ कोकम सोडा, तिखटाला ताक.

कढईतली बिअर

स्वयंपाकात बिअरचे दोन उपयोग आहेत: पीठ हलकं करणं आणि मांस शिजवणं.

कोळंबीसाठी एक वाटी मैदा, पाव वाटी तांदळाचं पीठ, हळद, मीठ आणि साधारण एक वाटी अगदी थंड लागर घ्या. ढवळायचं कमी. गुठळ्या राहिल्या तरी चालतात, पण फेस मरता कामा नये. गरम तेलात पडताच वायू आणि मद्यार्क झपाट्याने उडतात आणि मागे जाळीदार, कुरकुरीत कवच राहतं. भज्यांच्या बेसनातही हे जमतं.

रस्सा करताना जपावं. एकदा उरलेली आयपीए वाया जाऊ नये म्हणून मी ती मटणात घातली आणि रस निम्मा होईपर्यंत आटवला. मटण कडू झालं, आणि गूळ घालूनही सावरलं नाही. पाणी उडतं, हॉप्सचा कडूपणा उडत नाही, म्हणजे आटवू तितका तो दाट होतो. आटवायची असेल तर कमी हॉप्सची, माल्टवाली गडद बिअर घ्यावी. शिजवल्यावर मद्यार्क पूर्ण उडून जातो, हाही गैरसमज. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार पदार्थात मिसळून अर्धा तास शिजवल्यावर सुमारे ३५ टक्के आणि तासाभरानंतर २५ टक्के मद्यार्क उरतो. मुलांसाठी किंवा न घेणाऱ्या पाहुण्यांसाठी वेगळं भांडं चढवावं.

आता त्या मरोळच्या बाटलीकडे वळू. अर्धा किलो डुकराचं मटण, दोन कांदे, आलं-लसूण, दोन चमचे बॉटल मसाला. कांदा तपकिरी झाला की मसाला मंद आचेवर परतावा, मटण घालावं, ते पाणी सोडून कोरडं होऊ द्यावं. मग एक वाटी गडद बिअर आणि एक चमचा व्हिनेगर. झाकण ठेवून तासभर. मसाला तिखट असला तरी भाजलेल्या जवाचा गोडवा त्याला खालून आधार देतो आणि रस काळसर, चकचकीत होतो. हे मटण त्याच दिवशी वाढू नये. रात्रभर मुरू द्यावं आणि दुसऱ्या दिवशी गरम फुगियास म्हणजे तळलेल्या गोल पावांबरोबर, शेजारी गव्हाच्या बिअरचा लहान ग्लास ठेवून खावं.