दीक्षाभूमीला जाताय? चिचोलीही बघा!

वरवट बकालची मंडळी शेगावहून रेल्वेने नागपूर गाठतात, दीक्षाभूमी पाहतात आणि परततात. काटोल रस्त्यावरच्या चिचोली गावातलं शांतिवन, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या वस्तूंचं संग्रहालय, मात्र राहूनच जातं. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेच्या आयोजनात राबलेले वामनराव गोडबोले यांनी ते उभारलं. जागा दिली गोपिकाबाई ठाकरे यांनी. बाबासाहेबांचे सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू गोडबोल्यांकडे आल्या, म्हणून आज त्या आपल्याला दिसतात.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो तो टाईपरायटरपाशी. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिणाऱ्या तत्त्वज्ञाच्या घरातला! कोट, टोप्याही आहेत. जुनं कापड टिकावं म्हणून त्यावर रासायनिक प्रक्रिया केली आहे. हे काम पुतळ्यापेक्षा मोलाचं, असं माझं मत.

पुढच्या नागपूर फेरीत अर्धा दिवस चिचोलीसाठी ठेवा. पोरांनाही न्या.