प्रचालन प्रणालीचे स्थानांतरण

संगणकाचा मदरबोर्ड बदलल्यावर जुन्या तबकडीवरील प्रचालन प्रणाली, तीवरील आज्ञावली व माहिती यांसह, नव्या फलकावर कार्यान्वित करण्याची क्रिया. विजेच्या दाबातील चढउतारांमुळे फलक जळाला, तरी तबकडी पुष्कळदा शाबूत राहते. नांदेडहून येणारा रस्ता जेथे हिंगोली व हदगाव-यवतमाळ यांकडे फुटतो, त्या वारंगा फाटा (जि. हिंगोली) यासारख्या ठिकाणी दुकानातील एकाच संगणकावर उधारीच्या नोंदी, अर्जांचे नमुने व लग्नपत्रिकांचा मजकूर असू शकतो. अशा वेळी ही क्रिया निकडीची ठरते.

प्रणाली सुरू होताना प्रथम तबकडी-नियंत्रकाची चालक आज्ञावली लागते. ती वेळेवर भारित न झाल्यास प्रणालीला स्वतःचीच तबकडी वाचता येत नाही आणि ‘७बी’ या दोषक्रमांकासह निळा पडदा दिसतो. विंडोज एक्सपीत (२००१) एएचसीआय पद्धतीची चालक आज्ञावली अंतर्भूत नव्हती. त्यामुळे नियंत्रक जुन्या आयडीई पद्धतीवर ठेवीत. विंडोज ७ मध्ये ती होती. पण उभारणी आयडीई पद्धतीने झाली असल्यास ती निष्क्रिय असे व रजिस्ट्री या नोंदवहीतील मूल्य बदलून कार्यान्वित करावी लागे. विंडोज १० (२०१५) नवी सामग्री बहुधा स्वतः ओळखते. लिनक्समध्ये बहुतेक चालक गाभ्याबरोबरच येत असल्याने अडचण सर्वांत कमी.

नव्या फलकावरील यूईएफआय जुन्या बायॉसचे अनुकरण करीत नसल्यास एमबीआर विभागणीच्या तबकडीवरून प्रणाली सुरू होत नाही. विंडोज १० मध्ये २०१७ पासून माहिती न पुसता जीपीटी रूपांतर करण्याची सोय आहे. यंत्राबरोबर मिळालेला परवाना सामान्यतः मूळ फलकापुरताच असतो. सुटा विकत घेतलेला परवाना हलविता येतो. बिटलॉकरने कूटबद्ध केलेल्या तबकडीची किल्ली फलकावरील टीपीएम घटकाशी निगडित असल्यास ४८ अंकी पुनर्प्राप्ती-क्रमांक लागतो. तो जपून ठेवला नसल्यास माहिती कायमची गमावते.

मराठी अक्षरजुळणीच्या जुन्या आज्ञावलींची अडचण निराळी व अधिक त्रासदायक. काहींची डोंगल ही कुलूपकिल्ली मुद्रकाच्या समांतर द्वाराला लावावी लागे. नव्या फलकांवर ते द्वार सहसा नसते. त्यांतील युनिकोडपूर्व मजकूर मूळ फाँटाविना रोमन चिन्हांची निरर्थक मालिका होऊन दिसतो. येथे प्रणाली वाचविण्यापेक्षा मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेणे श्रेयस्कर; कारण एक्सपी व विंडोज ७ यांना अनुक्रमे २०१४ व २०२० नंतर सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा मिळत नाहीत. कोणत्याही मार्गाने गेले, तरी प्रथम तबकडीची संपूर्ण प्रतिकृती दुसऱ्या तबकडीवर घ्यावी लागते आणि पुढील प्रयोग त्या प्रतिकृतीवरच करतात.