डबक्यातले शिकारी

पावसाळ्यात आपल्या मुरबाड तालुक्यात कातळावर, भाताच्या खाचरात, रस्त्याकडेला डबकी साचतात. उन्हाळ्यात ती आटतात, म्हणून त्यांत मोठे मासे राहत नाहीत. माझी मावशी ठाण्याला टेंभी नाक्याला राहते. तिथे जवळच मासुंदा तलाव आहे. त्यात बारा महिने पाणी व मासे असतात. तिथे मासे किड्यांना खातात. आपल्या डबक्यात मात्र किडेच राजे!

डबक्यात आधी शेवाळ धरते. शेवाळ व कुजका पाला बेडकांची पिल्ले आणि डासांच्या अळ्या खातात. मग शिकारी येतात. चतुराचे पिल्लू पाण्यातच वाढते. त्याचा खालचा ओठ दुमडलेल्या हातासारखा असतो. तो झटकन पुढे काढून ते अळी पकडते. पाणविंचू शेपटीची नळी वर काढून श्वास घेतो आणि दबा धरून बसतो. एका जातीच्या पाणढेकणाची मादी नराच्या पाठीवर अंडी चिकटवते. बापच ती सांभाळतो!

शिकारी नसले तर डास फार होतात. शिकारी फार झाले तर बेडकांची पिल्ले कमी होतात आणि शेवाळ वाढते. शिकाऱ्यांनाही बेडूक व बगळे खातात. चतुर उडू लागला की वेडा राघू त्याला टिपतो.

गुरुजींनी वर्गात दोन बरण्या ठेवल्या. दोन्हींत डासांच्या दहा-दहा अळ्या सोडल्या. एकीत चतुराचे पिल्लू टाकले. सकाळी त्या बरणीत एकही अळी नव्हती. दुसरीत सगळ्या वळवळत होत्या.

डास आठ-दहा दिवसांत तयार होतो. चतुराला दीड महिना तरी लागतो. डबक्यात विषारी औषध टाकले तर दोघेही मरतात. पण डास लवकर परत येतात, चतुर येत नाहीत. मग डासांना मोकळे रान!

नवरात्रात मी टेंभी नाक्याची देवी बघायला गेलो, तेव्हा तिथेही आकाशात पिवळसर चतुर उडत होते. हे चतुर पावसाच्या डबक्यांतच वाढतात. चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञांनी २००९ साली लिहिले, की ऑक्टोबरपासून मालदीव बेटांवर हजारो चतुर येतात. ते भारतातून वाऱ्याबरोबर समुद्रावरून येतात व पुढे आफ्रिकेला जातात. म्हणजे आपल्या डबक्यातला चतुरही आफ्रिकेला जात असेल!

पालकांना विनंती, की घराजवळचे टायर, डबे, करवंट्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करा. त्यांत शिकारी नसतात, डासच होतात. त्यांच्यामुळे हिवताप आणि डेंग्यू होतो. पण रानातल्या डबक्यात औषध ओतू नका. तिथे आपले पहारेकरी राहतात.

— इयत्ता ४ थी