रेशमाला शुभ्रपणा कसा येतो?

येवल्याची पैठणी असो की भंडाऱ्याकडचे कोशाचे कापड, रंग खुलायचा तर आधी सूत निर्मळ हवे. पण किड्याने कातलेला धागा जात्या शुभ्र नसतो. तुतीच्या रेशमावर डिंकाचा थर असतो, तो कच्च्या रेशमाच्या वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा. साबण-सोड्याच्या कढत पाण्यात तो उतरतो. कोशाच्या, म्हणजे टसरच्या, रेशमात मात्र तपकिरी रंग धाग्यातच मुरलेला असतो.

राहिलेला पिवळेपणा घालवायला पूर्वी गंधकाची धुरी देत; पण तो शुभ्रपणा टिकत नसे. आता हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्यासाठी पाणी चांगले तापवावे लागते. हेच काम थंड पाण्यात करता येईल का, म्हणून ओझोन वायूचे प्रयोग झाले.

हा ओझोन म्हणजे काय? आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ साली त्याला वासावरून ओळखले. ऑक्सिजनमधून जोरदार वीज खेळवली की तो तयार होतो. त्याचा तिसरा अणू मोठा चंचल. तो रंगद्रव्यावर तुटून पडतो, त्याचे तुकडे करतो आणि रंग फिका पडतो. ओलसर कापडावर हे काम तापवल्यावाचून होते, इंधन वाचते.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळीकडे हेच का करीत नाहीत? मेख इथेच आहे. रेशीम हे लोकरीसारखे प्रथिन. रंग कोणता आणि धागा कोणता, हे ओझोनला कळत नाही. वेळ किंवा मात्रा वाढली की तो धागाच खातो. सूत कमजोर होते आणि उलट पिवळे पडते. शिवाय हा वायू फुफ्फुसांना घातक. म्हणून हे काम बंद यंत्रातच, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावे. घरी मुळीच करू नये. आणि विणकर बंधूंनो, सुती कापडाची ब्लीचिंग पावडर रेशमाला कधीही लावू नका. तिच्यातील क्लोरीन रेशमाचा नाश करते.

शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात एवढे जरूर दाखवावे: तुतीचे रिकामे कोश तोलावेत, साबण-सोड्यात उकळून धुवावेत, वाळवून पुन्हा तोलावेत. किती डिंक गेला, ते मुले स्वतःच सांगतील.

शुभ्रपणा दोन आणे कमी पडला तरी चालेल; धागा तुटता कामा नये.