पाऊच की कोरडे दाणे? आधी पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा

८ ऑगस्टला आंतरराष्ट्रीय मांजर दिन झाला आणि सगळ्यांचे फोन पिल्लांच्या फोटोंनी भरून गेले. त्यातली बरीच पिल्लं पावसात आडोसा शोधत सोसायटीच्या जिन्याखाली किंवा पार्किंगमध्ये आली आणि कुणाच्या तरी घरात कायमची राहिली. फोटो काढून झाले, नाव ठेवून झालं. आता प्रश्न रोजच्या ताटलीचा. पेट शॉपमध्ये एका फळीवर पाऊच, दुसरीवर कोरड्या दाण्यांच्या पिशव्या आणि सल्ला द्यायला दोन्हीकडचे ठाम लोक. ओलंच द्या, दाण्यांनी मूत्रपिंडं जातात, असं काही जण सांगतात. पाऊचची चटक लागली की पिल्लू दुसऱ्या कशाला तोंड लावत नाही, असं बाकीचे बजावतात.

या वादात शिरण्याआधी पाकीट उलटं करावं. मागे, सगळ्यांत बारीक अक्षरांत, दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: हे खाद्य 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आहे का, आणि ते वाढत्या पिल्लांसाठी म्हणजे 'ग्रोथ'साठी किंवा 'ऑल लाइफ स्टेजेस'साठी आहे का. या दोन्ही गोष्टी असतील तर ओलं काय नि कोरडं काय, पिल्लू त्यावर वाढू शकतं. 'कॉम्प्लिमेंटरी' लिहिलेलं असेल तर ते तोंडीलावणं समजावं. जेलीत घातलेले ट्यूनाचे सुंदर तुकडे पुष्कळदा याच प्रकारात मोडतात, आणि नव्याने मांजर पाळणारे नेमके तेच रोज आणतात.

या चार शब्दांवर मी इतका जोर का देते, ते समजायला १९८०च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात जावं लागेल. तेव्हा अमेरिकेत दर वर्षी हजारो पाळीव मांजरं एकाच हृदयविकारानं मरत होती. हृदयाचा स्नायू सैल पडून ते फुगत जायचं, रक्त पुढे ढकलण्याची ताकद संपायची आणि मांजर दगावायचं. कारण ठाऊक नव्हतं, म्हणून उपायही नव्हता. डेव्हिस इथल्या विद्यापीठात पॉल पियोन नावाचे तरुण पशुवैद्य हृदयरोगावर काम करत होते. अशा मांजरांच्या रक्तात टॉरिन हे द्रव्य फार कमी असल्याचं त्यांना दिसलं. १९७५ मध्येच दुसऱ्या संशोधकांनी टॉरिनच्या अभावी मांजरांचं दृष्टिपटल झिजतं हे दाखवलं होतं. हृदयाशी त्याचा संबंध मात्र कुणी जोडला नव्हता. पियोन आणि सहकाऱ्यांनी मांजरांना तोंडावाटे टॉरिन दिलं आणि मरणपंथाला लागलेली हृदयं पूर्ववत काम करू लागली. १९८७ मध्ये हा शोधनिबंध 'सायन्स'मध्ये आला. पशुवैद्यकात एखाद्या असाध्य रोगाचं कोडं इतक्या स्वच्छपणे सुटल्याची उदाहरणं थोडी आहेत. मला तर ही गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते.

त्या निबंधातली २१ मांजरं बाजारातलं तयार खाद्य खात होती. उकिरड्यावरचं नव्हे, शिळंपाकं नव्हे, नामांकित कंपन्यांचं अन्न. मग चुकलं कुठे? माणूस आणि कुत्रा टॉरिन शरीरात बनवतात. मांजराला ते जवळजवळ बनवता येत नाही, आणि पित्तरस तयार करताना त्याचं टॉरिन सतत खर्च होत राहतं. त्यात डब्यातलं अन्न ज्या उष्णतेनं निर्जंतुक करतात, तिच्यामुळे अन्नाचा पोत असा बदलतो की आतड्यातले जिवाणूच पुष्कळसं टॉरिन फस्त करतात. कागदावर पुरेसं दिसणारं टॉरिन प्रत्यक्ष रक्तात उतरत नव्हतं. म्हणूनच आज अमेरिकेतल्या 'आफ्को' या संस्थेच्या निकषांत दोन वेगळे आकडे आहेत: पाणी वगळून मोजलं तर कोरड्या खाद्यात किमान ०.१ टक्का टॉरिन आणि डबाबंद ओल्या खाद्यात त्याच्या दुप्पट, ०.२ टक्के. ओलं खाद्य नैसर्गिक, म्हणून आपोआप सरस, असं म्हणणाऱ्यांनी हा दुपटीचा फरक ध्यानात ठेवावा. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच पाकिटांवर 'आफ्को'चा उल्लेख असतो. तो शोधा.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. मराठी घरात मांजर म्हणजे दूध-पोळी, फार तर दूधभात. आजीच्या वाड्यातली मनी दुधावर जगायची असं आपण म्हणतो, पण ती वाड्यातले उंदीर, पाली आणि चिमण्याही खात होती. खरं पोषण तिथून यायचं. चौथ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटमध्ये उंदीर नाही आणि दूध-पोळीत टॉरिन जवळपास नाही. दूध सुटल्यावर पिल्लांची दुधातली साखर पचवण्याची क्षमता घटत जाते, त्यामुळे बशीभर गाईच्या दुधानं हगवण लागते आणि एवढ्याशा जिवाला तेवढी पुरते. चार आठवड्यांपेक्षा लहान, आईविना सापडलेल्या पिल्लालाही गाईचं दूध चालत नाही. मांजरीच्या दुधात त्याच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात. पिल्लांसाठीची दूध पावडर वेगळी मिळते, तीच द्यावी.

उकडलेलं चिकन आणि भात हा दुसरा लाडका बेत. पातेल्यातलं ताजं चिकन पाकिटातल्या दाण्यापेक्षा चांगलं असणारच, असं वाटतं. पण नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असतं. महिनोन्‌महिने तेवढंच खाणारं पिल्लू स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. हाडं ठिसूळ होतात आणि पलंगावरून उडी मारल्यावर पाय मोडतो. किनारपट्टीवरच्या घरांत सुकट-बोंबील देतात. त्यात मीठ फार. कच्च्या मासळीच्या काही जातींत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं विकर असतं. शाकाहारी घरांनाही एक स्पष्ट सांगायला हवं. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून मांजराला अ जीवनसत्त्व बनवता येत नाही. घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार खाद्य आणा, पण पिल्लाला पनीर-भातावर वाढवू नका. चिकनचा एखादा तुकडा कौतुकानं देण्याला माझी हरकत नाही. पूर्ण जेवण तेच असण्याला आहे.

एवढं मान्य झालं की ओलं-कोरडं हा प्रश्न खरोखर उरतो, आणि तो मुख्यतः पाण्याचा आहे. आपली मांजरं पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतल्या कोरड्या मुलखातल्या रानमांजराची वंशज. तहान लागली की भांड्याकडे धावावं ही वृत्ती त्यांच्यात दुबळी. पाणी शिकारीच्या मांसातून मिळवायचं ही रीत पक्की. नुसत्या मासळीवर किंवा मांसावर मांजर वेगळं पाणी न पिताही पाण्याची गरज भागवू शकतं, हे १९५९ मध्येच प्रयोगानं दाखवलं गेलं. पाऊचमध्ये ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, दाण्यांत जेमतेम १० टक्के. दाणे खाणारं मांजर जास्त पाणी पितं, पण एकूण हिशेब बहुतेकदा कमीच भरतो. लघवी दाट होते. बोक्यांची मूत्रनलिका अरुंद, तिथे खडे किंवा चिकट गाठ अडकली की लघवी तुंबते आणि एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका वाळूच्या ट्रेमध्ये वारंवार बसतो पण थेंबही येत नाही, असं दिसलं तर रात्र असो की रविवार, दवाखाना गाठायचाच. ओलं खाद्य हे टळेल याची हमी देत नाही, पण धोका कमी करायला हातभार लावतं. म्हणून माझा कौल असा: दिवसातलं निदान एक जेवण ओलं असावं, आणि बोका असेल तर जास्त.

मग सगळंच ओलं का नाही? खर्च. साधारण दहा आठवड्यांचं, किलोभर वजनाचं पिल्लू दिवसाला २००च्या आसपास कॅलरी खातं; वजनाच्या मानानं मोठ्या मांजराच्या जवळपास तिप्पट. ८५ ग्रॅमच्या पाऊचमध्ये साधारण ७० कॅलरी असतात, म्हणजे दिवसाला जवळपास तीन पाऊच. तेवढ्याच कॅलरी ५० ग्रॅम दाण्यांत मिळतात आणि खर्च कितीतरी कमी येतो. मध्यमवर्गीय घराला झेपेल असा मार्ग म्हणजे एक पाऊच आणि ३०-३५ ग्रॅम दाणे, दिवसभरात चार वेळा विभागून. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. नुसते दाणे परवडत असतील तर तेच द्या, पण त्यावर कोमट पाणी घाला आणि पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा.

पाकिटावरच्या आकड्यांनी फसायला होतं. पाऊचवर प्रथिनं ९ टक्के आणि दाण्यांवर ३४ टक्के वाचून दाणेच पौष्टिक वाटतात. पाणी बाजूला काढा. ८२ टक्के पाण्याच्या पाऊचमध्ये घन भाग १८ टक्के, त्यातले ९ म्हणजे निम्मी प्रथिनं. दाण्यांचा घन भाग ९० टक्के, त्यात ३४ म्हणजे ३८ टक्क्यांच्या आसपास. 'आफ्को'चा पिल्लांसाठीचा किमान निकष ३० टक्के आहे. दोन्ही त्यात बसतात. दाणे चावून दात साफ होतात हा समज मात्र सोडून द्यावा. दातांसाठी खास आकाराचे दाणे वेगळे असतात, बाकीचे दाणे पिल्लू पुष्कळदा तसेच गिळतं.

आपल्या हवेत साठवण हा विषय कंपन्यांच्या जाहिरातींत कधीच येत नाही. पावसाळ्यात उघड्या पिशवीतले दाणे ओल धरतात, त्यातली चरबी खवट होते, बुरशी चढते. म्हणून मोठ्या पोत्यातून सुटं तोलून मिळणारं खाद्य घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी. बॅच क्रमांक नाही, मुदत नाही, पोतं कधी फोडलं ते कुणाला ठाऊक नाही. दाणे मूळ पिशवीसकटच हवाबंद डब्यात ठेवा. उघडलेलं पाऊच फ्रिजमध्ये, आणि देताना कोमट करून. ताटलीत तासाभराहून अधिक राहिलं तर टाकून द्या. पाकीटबंद म्हणजे निर्धोक, असंही नाही. २००७ मध्ये अमेरिकेत भेसळयुक्त गव्हाच्या ग्लुटेनमधून मेलामाइन पाऊच आणि डब्यांत शिरलं. २०२१ मध्ये ब्रिटनमध्ये काही कोरड्या खाद्यांशी संबंध जोडल्या गेलेल्या आजारात तीनशेहून अधिक मांजरं गेली. एकदा ओल्याचा नंबर, एकदा कोरड्याचा. पाकिटाचा फोटो काढून ठेवला तर बॅच परत मागवली गेल्यावर उपयोगी पडतो.

कच्च्या मांसाची फॅशन आपल्या शहरांतही आली आहे, आणि तिला माझा साफ विरोध आहे. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूनं मेले, तेव्हा संशय खाण्यातल्या कोंबडीच्या मांसावर होता. त्याच सुमारास अमेरिकेत कच्च्या टर्कीचं मांजरखाद्य याच विषाणूमुळे परत मागवावं लागलं. वाघाला जे झेपलं नाही त्याची परीक्षा आठशे ग्रॅमच्या पिल्लावर घेऊ नये.

पहिल्या काही महिन्यांत पिल्लाला ओलं आणि कोरडं दोन्ही, वेगवेगळ्या चवींचं, खाऊ घाला. या वयात तोंडात न गेलेला पोत मोठेपणी मांजर सहसा स्वीकारत नाही, आणि उद्या आजारात खाद्य बदलायची वेळ आली तर पंचाईत होते. बदल करायचा तर आठवडाभर थोडं थोडं मिसळत करा. हट्ट मोडायला उपाशी ठेवणं मात्र घातक आहे: पिल्लाच्या रक्तातली साखर झपाट्यानं उतरते, आणि मोठं मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तर यकृतात चरबी साठू शकते. नसबंदीनंतर गरज बरीच घटते, तेव्हा वाटीभर दाणे दिवसभर उघडे ठेवण्याची सवय मोडायची. तोवर दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर पिल्लाचं वजन करून लिहून ठेवा. आठवड्याला साधारण शंभर ग्रॅम वाढलं पाहिजे. वाढ थांबली तर दुसऱ्या कंपनीचं पाकीट आणण्याआधी पशुवैद्यांकडे जाऊन जंत तपासून घ्या.