विधानसभा प्रचारातला एक दिवस, नोव्हेंबर 2024

पहाटे 5

पहिली गाठभेट चौकात नाही, शेताच्या वाटेवर. रात्रभर जागलीला गेलेली माणसं याच वेळी वर्धा जिल्ह्यातल्या केळझरला परततात. अंगावर घोंगडी, हातात बॅटरी, डोळे लाल. बोरचं जंगल जवळ, त्यामुळे रानडुकरं आणि रोही (नीलगायी) यांचा फेरा ठरलेला. एका रात्रीत कळप शिरला की पऱ्हाटी लोळते, हरभऱ्याचे कोवळे शेंडे जातात. बोर 2014 साली व्याघ्र प्रकल्प झाला. देशातल्या सगळ्यात लहान व्याघ्र प्रकल्पांत त्याची गणना होते. वाघ वाचला पाहिजे, हे मी प्रत्येक सभेत सांगते. पण त्याची किंमत जंगलाच्या काठावरच्या दोन-चार एकरवाल्यानं एकट्यानं का मोजायची? सामूहिक कुंपणासाठी पैसा आणि पंचनामा झाल्यावर ठरल्या मुदतीत खात्यात भरपाई, ही माझी पहिली मागणी.

दुसरी मागणी त्याच वाटेवर मिळाली. ओलिताचे दिवस आहेत. एक म्हातारबा म्हणाले, "ताई, रात्री बाराले लाइन येते, सकाळी आठले जाते. अंधारात पायाखाली साप हाये का पाइप, काय समजते? रोड-नाली नको, दिवसा लाइन द्या." त्यांच्या पायाला गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि थंडीनं बोटं वाकत नव्हती. दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आहे. योजनेचं नाव घेऊन मत मागणं सोपं आहे. आपल्या गावाचा फिडर तिच्यावर कोणत्या महिन्यात येणार, हे सरकारकडून लेखी काढून आणणं हे आमदाराचं काम. मी तेवढंच कबूल केलं.

सकाळी 7

बस थांब्यावर सेलू आणि वर्ध्याला शिकायला जाणाऱ्या मुली. नागपूर-वर्धा रस्ता चौपदरी झाला, गाड्या सुसाट जातात, आणि मुलींना तोच ओलांडावा लागतो. बस भरून आली की पुढच्या बसची वाट बघायची, पहिला तास बुडवायचा. एकीनं विचारलं, "सिंदीच्या ड्राय पोर्टमधी आम्हाले नोकरी भेटन का?" मी हो म्हणाले नाही. मालवाहतुकीच्या त्या केंद्रात कोणतं काम निघणार, त्याला कोणतं शिक्षण लागणार, आणि ते वर्ध्याच्या आयटीआयमध्ये शिकवतात का, हे आधी बघावं लागेल. ती थोडी नाराज झाली. नोकरीचं खोटं आश्वासन तिला माझ्याकडून मिळणार नाही.

सकाळी 9

दव वाळल्यावर वेचणी सुरू होते. बाया कमरेला ओटी बांधून ओळीओळीनं पुढे सरकतात. मीही ओटी बांधली. बोंडाच्या वाळक्या पाकळीचं टोक सुईसारखं असतं. घाईनं हात घातला की नखाच्या कडेला टोचतं, आणि रक्ताचा ठिपका लागलेला कापूस वेगळा काढावा लागतो. मजुरी किलोवर मिळते, म्हणून बाया बोलतानाही हात थांबवत नाहीत. म्हणून माझं भाषण नाही, फक्त प्रश्न. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या खात्यात लाडकी बहीण योजनेचे 1500 रुपये येतात. ते त्यांना हवेच आहेत आणि त्यावर नाक मुरडणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण तासाभरानं एक जण म्हणाली, "पंधराशे भेटते, अन् सोयाबीनमधी पंधरा हजार जाते." घरचं अर्थकारण तिला पक्कं ठाऊक आहे.

दुपारी 12

सेलूच्या बाजारात. 2024-25 च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4892 रुपये, मध्यम धाग्याच्या कापसाचा 7121 आणि लांब धाग्याच्या कापसाचा 7521. सोयाबीनला व्यापाऱ्याचा भाव मात्र चार हजारांच्या आसपास. सरकारी खरेदीत 12 टक्के ओलाव्याची अट होती. यंदा परतीच्या पावसानं शेंग भिजली, दाणा 12 वर उतरायला तयार नाही, म्हणून माल परत. आता प्रचाराच्या शेवटच्या दिवसांत केंद्रानं अट 15 टक्क्यांवर आणली. चांगलं झालं. पण ज्याला दिवाळीआधी उधारी फेडायची होती, त्यानं सोयाबीन कधीच पडत्या भावात विकलं. पीक निघण्याआधी खरेदी केंद्र उघडलं पाहिजे आणि ओलाव्याची अट त्या वर्षीच्या पावसाप्रमाणे ठरली पाहिजे. विधानसभेत मला पाच वर्षांत एकच गोष्ट लावून धरता आली तर मी हीच धरीन.

दुपारी 3

एका ओसरीवर बचत गटाच्या बाया. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात पाच दशकांपासून दारूबंदी आहे, आणि तरीही घरातला पुरुष संध्याकाळी पिऊन येतो. "बंदी उठवा म्हणते काही जण. तुमचं काय?" बंदी राहावी, असं माझं मत आहे. पण पकडली जाते ती झोपडीत चार बाटल्या विकणारी बाई. बाहेरून पेट्यांनी माल आणणारा सुटतो. त्याच्यावर किती गुन्हे सिद्ध झाले, हे दर अधिवेशनात विचारायला हवं.

संध्याकाळी 5 ते 10

हिंगणीकडची गावं, मग केळझरच्या सिद्धिविनायकाजवळ छोटी सभा. विदर्भाच्या अष्टविनायकांतलं हे ठाणं, भीमानं बकासुर मारला ती एकचक्रानगरी हीच, असं इथला माणूस अभिमानानं सांगतो. सभेत समाजमंदिर, सिमेंट रस्ता, व्यायामशाळा यांच्या मागण्या आल्या. आमदाराच्या स्थानिक विकास निधीत वर्षाला 5 कोटी असतात, त्यातून हे होतं. पण शेतमालाचा भाव, वीज, भरपाई हे प्रश्न सभागृहातच मांडावे लागतात. 1953 च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला, इथून सुमारे 50 किलोमीटरवर भरतं. आपल्या आमदारानं तिथं काय विचारलं, हे बघायला गावातून जीप भरून जायला हवं. दहाच्या ठोक्याला भोंगा बंद.

रात्री 11

खर्चाची वही. डिझेल, पत्रकं, मंडप, चहा-चिवडा, रोजच्या रोज, पावतीसकट. मर्यादा 40 लाखांची, माझा हिशेब तिच्या आसपासही फिरकत नाही. दुसऱ्या वहीत दिवसभराचे प्रश्न. प्रत्येकापुढे मी एकच गोष्ट लिहिते, हे ग्रामपंचायतीचं, जिल्हा परिषदेचं, राज्याचं की दिल्लीचं. आजच्या वहीत सगळ्यात जास्त वेळा आलंय ते दिवसा वीज आणि सोयाबीनचा भाव.

मतदान बुधवारी, 20 नोव्हेंबर 2024 ला, सकाळी 7 ते संध्याकाळी 6. मत मला द्या किंवा देऊ नका. पण जो कुणी दारात येईल त्याला या दोन गोष्टी विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.